मीठ आणि आरसे

डेट्रॉइटच्या हंटिंग्टन प्लेस या प्रदर्शनगृहात पहिला अर्धा तास मी वाकूनच चालत होते. गाड्या चौथऱ्यांवर उभ्या होत्या आणि प्रत्येक गाडीच्या पोटाखाली जमिनीवर आरसे मांडले होते. त्या आरशांत गाडीची खालची बाजू दिसते: मागचा आस, सायलेन्सरचे नळ, ब्रेकच्या बारीक नळ्या. आपल्याकडे गाडीचा हा भाग ग्रीसिंगला रँपवर चढवली तरच नजरेला पडतो आणि तिथे चिखल, तेल, गंज याखेरीज काही नसतं. इथे तो बॉनेटइतकाच लखलखत होता. एका गाडीच्या पोटातले स्क्रू मी निरखत बसले. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरची खाच एकाच दिशेला होती. स्क्रू आवळला की तो त्याच्या मर्जीने थांबतो. खाच आपल्याला हवी तिकडे यायला हवी असेल, तर खालची चकती कणभर घासून पुन्हा आवळून बघावं लागतं. कुणीतरी ते केलं होतं, एकाच गाडीत शेकडो वेळा, आणि आरसा नसता तर ते कुणाला दिसलंही नसतं.

अंकाचा विषय ‘हौस’ आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हाच मी इकडे यायचं ठरवलं होतं. हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो. पण जिला दहा लाख डॉलरचं मोल पडतं, त्या हौसेबद्दल तीच हौस गॅरेजच्या कोपऱ्यात, पगारातून पैसे वाचवून करणारी माणसं काय म्हणतात, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. माझा मावसभाऊ बावीस वर्षं डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये राहतो, ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्या भागात मराठी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कितीतरी घरांची भाकरी मोटारींवरच आहे. फोनवर दादा म्हणाला होता, “अगं, फेब्रुवारीच्या शेवटी ये. थंडीने हाडं गोठतील, पण ऑटोरामा बघून जा. आणि नुसता वरचा मजला बघून फिरू नकोस. तळघरात उतर.”

वरचा मजला

हॉट रॉड म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. जुनी, साधी, बहुतेक वेळा फोर्डचीच गाडी घ्यायची, नको ते सगळं काढून ती हलकी करायची आणि तिच्यात दमदार इंजिन बसवायचं. छत कापून खाली आणायचं, बॉडी चासीवर आणखी खाली बसवायची, पुढचा आस उतरता करायचा. या पंथाचं दैवत म्हणजे १९३२ ची फोर्ड. आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन तोवर पैसेवाल्यांच्या गाडीत असे. त्या वर्षी फोर्डने ते एकाच ओतकामात ओतून स्वस्त गाडीत बसवलं. ताकद ६५ अश्वशक्ती, आकारमान २२१ घनइंच. शिवाय त्या बॉडीचा नेमका तो घाट एकच वर्ष निघाला. दोनचा आकडा म्हणून शौकीन तिला ‘ड्यूस’ म्हणतात आणि हे नाव घेताना त्यांचा आवाज खाली येतो.

डेट्रॉइटचा ऑटोरामा १९५३ पासून भरतो. मिशिगनमधल्या हॉट रॉड क्लबांनी सुरू केलेलं हे प्रदर्शन. आता त्याचं सर्वांत मोठं बक्षीस म्हणजे रिडलर पुरस्कार. प्रदर्शनाला नावारूपाला आणणारे डॉन रिडलर यांच्या स्मरणार्थ तो १९६४ पासून देतात. पंच शुक्रवारी आठ गाड्या निवडतात, त्यांना ‘ग्रेट एट’ म्हणतात. रविवारी संध्याकाळी त्यांतली एक जिंकते. बक्षिसाची रक्कम १०,००० डॉलर. या आठांत पोचायचं तर गाडीवर दहा लाख डॉलर, म्हणजे आपले आठ कोटी रुपये आणि वर काही, ओतावे लागतात, हे इथे कुणी लपवत नाही. गाडी तयार व्हायला चार-पाच वर्षं सहज जातात.

या पुरस्काराची एक अट सगळ्या भांडणाच्या मुळाशी आहे. गाडी यापूर्वी कुठेही, कुठल्याही प्रदर्शनात दाखवलेली नसावी. ती पहिल्यांदा उघडी पडायची ती इथेच. साहजिकच पाच वर्षं ती झाकून ठेवतात, बंद ट्रेलरमधून आणतात, मऊ कापडाने पुसत पुसत चौथऱ्यावर ढकलतात. रस्त्यावरचा एक खडा उडाला तर पाच वर्षांची मेहनत मातीमोल. जिंकली, की ती वर्षभर एका प्रदर्शनातून दुसऱ्या प्रदर्शनात फिरते. तेही ट्रेलरमधूनच.

मी त्या आठ गाड्यांपाशी दोन तास होते. एका गाडीत डॅशबोर्डावरचे काटे, कळा, दाराच्या कड्या, आरशाचा दांडा, सगळं त्या एका गाडीसाठी ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढलं होतं. बाजारातला एकही सुटा भाग तिच्यात नव्हता. पेट्रोलची नळी सीटखालून कुठे वळते हे शोधायला मला वाकावं लागलं, आणि जिथे ती वळली होती तिथला बाक इतका डौलदार होता, की मी दादाला हाक मारून दाखवला. असं काम मी पूर्वी फक्त जुन्या तांबटांच्या हातचं पाहिलं होतं.

तळघर

सरकत्या जिन्याने खाली उतरलं की हवेचा वास बदलतो. वर मेणाचा आणि नव्या कातड्याचा वास होता, खाली पेट्रोल, रबर आणि तळलेल्या कांद्याचा. हा ‘ऑटोरामा एक्स्ट्रीम’. इथे गाड्या चौथऱ्यावर नसतात, एकमेकींना खेटून उभ्या असतात. काहींना नुसता प्रायमर मारलेला, काहींचा पत्रा गंजलेला, तसाच ठेवलेला. गिटार वाजत असते. पोरं टायरवर बसून सँडविच खातात. कॅलिफोर्नियात पोमोनाला भरणाऱ्या ग्रँड नॅशनल रोडस्टर शोमध्येही असाच एक वेगळा हॉल आहे. त्याचं नाव ‘स्वेड पॅलेस’, मऊ बिनचकाकीच्या कातड्यासारख्या दिसणाऱ्या रंगावरून. म्हणजे दोन्हीकडे या घराचे असे दोन मजले झाले आहेत.

खालच्या मजल्यावर वरच्या गाड्यांना नावं आहेत. ‘ट्रेलर क्वीन’ हे सर्वांत जुनं, म्हणजे ट्रेलरमधून मिरवणारी राणी. मालकाला ‘चेकबुकवाला’ म्हणतात, हात न लावता नुसता चेक फाडणारा. आणि टोप्यांवर, बनियनवर, काचांवर तीन शब्दांचं एक घोषवाक्य सगळीकडे दिसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर, ‘घडवलेली, विकत घेतलेली नव्हे’.

ही चीड पैशाबद्दलच असेल असं धरून मी खाली उतरले होते. तासाभरात माझी समजूत चुकीची ठरली.

एक गृहस्थ स्टुलावर बसून थर्मासमधली कॉफी पीत होते. वय ऐंशीच्या जवळ, आयुष्य एका कारखान्यात टूल अँड डाय मेकर म्हणून गेलेलं. शेजारी त्यांची १९३१ ची मॉडेल ए कूप होती, छत कापून खाली आणलेली, काळा रंग जागोजाग विटलेला. तिच्यात फोर्डचंच जुनं फ्लॅटहेड व्ही-एट. ती त्यांच्याकडे ५० हून अधिक वर्षं आहे. वरच्या गाड्यांबद्दल विचारलं, तर ते आधी बराच वेळ कामाचंच कौतुक करत राहिले. अमक्या गाडीच्या बिजागऱ्या बघितल्यास का, तमक्या गाडीची फट बघितलीस का. मग म्हणाले, की पैसेवाल्याचा राग कशाला यावा? पैसा असता तर आपणही चांगला वेल्डर ठेवला असता. त्यांना खुपतं ते वेगळंच. वर गाडीसमोरच्या फलकावर मालकाचं नाव मोठं, वर्कशॉपचं नाव त्याखाली, आणि ज्याने तीन महिने उभं राहून तो पत्रा घासला त्याचं नाव कुठेच नाही. हॉट रॉडमध्ये गाडी आणि हात यांच्यामध्ये कुणी नसायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. तू कोण, हे तुझी गाडी सांगायची. आता गाडी सांगते की तुझ्याकडे किती पैसे आहेत.

त्यांच्या समोरच्याच रांगेत तिशीतली एक वेल्डर मुलगी होती. तिची गाडी म्हणजे गंजलेल्या ट्रकची केबिन, तिच्याखाली घरी जोडलेली चासी. तिला वरच्या मजल्याबद्दल कसलीही अढी नव्हती. दर वर्षी शुक्रवारी सकाळी गर्दी व्हायच्या आत ती वर जाते आणि ‘ग्रेट एट’च्या प्रत्येक सांध्याचे फोटो काढते. टीआयजी वेल्डिंगची माळ एकसारखी कशी पडते, हे तिला शाळेत कुणी शिकवलं नाही, त्या गाड्यांनी शिकवलं. वरच्या गाड्या संग्रहालयात असाव्यात तशा असतात, आपण संग्रहालयावर रागावतो का, असं तिने मलाच विचारलं.

तिच्या गाडीवर रागावणारेही तिथेच होते. ड्यूसचं काम १९४८ सालच्या पद्धतीनेच करायचं, त्या काळात मिळत नव्हता असा एक बोल्टही लावायचा नाही, असा नेम केलेले एक गृहस्थ मला म्हणाले, की रॅट रॉड, म्हणजे तिच्यासारखी मुद्दाम गंजकी ठेवलेली गाडी, आणि ट्रेलर क्वीन ही एकाच आईची लेकरं. एकाने गंज मिरवायचा, दुसऱ्याने चकाकी मिरवायची. दोघांनाही लोकांनी आपल्याकडे बघावं एवढंच हवं. हे ऐकून शेजारचे दोघे हसले, तिसऱ्याने मान हलवली आणि चौथ्याने वाद सुरू केला, तो मी तिथून निघेपर्यंत चालूच होता.

दादाला मी हे सगळं जेवताना सांगत होते. तो म्हणाला, “आपल्याकडे खिलार बैलाचं हेच आहे ना. एक प्रदर्शनातला खिलार, शिंगं रंगवलेली, अंगाला तेल. एक शर्यतीतला. दोघांचे मालक एकमेकांच्या गोठ्यात जातात, बैल बघून येतात आणि बाहेर पडल्यावर नाकं मुरडतात. पण बैल बघायला जातातच.”

मिठाचं मैदान

हॉट रॉडचा जन्म धुळीत झाला. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात मुरॉक, एल मिराज अशी कोरडी पडलेली तळी आहेत, मैलोगणती सपाट आणि टणक. तिथे तरुण पोरं रविवारी गाडी चालवत यायची, मडगार्ड, हेडलाइट, पुढची काच उतरवून बाजूला ठेवायची, जीव खाऊन गाडी पळवायची, आणि संध्याकाळी सगळं परत जोडून त्याच गाडीने घरी जायची, कारण सोमवारी त्याच गाडीने कामावर जायचं असायचं. या शर्यतींना शिस्त यावी म्हणून १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या पोरांच्या हातात इंजिनाचं कसब होतं आणि खिशात थोडे पैसे. पंथ वाढला. १९४९ पासून युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ‘स्पीड वीक’ सुरू झाला. पांढरंशुभ्र, क्षितिजापर्यंत सपाट मीठ. आजही ऑगस्टमध्ये तिथे लोक जातात, पाऊस पडून मैदान चिखल झालं तर हात हलवत परततात, आणि परत पुढच्या वर्षी जातात.

मग गाड्यांचं प्रदर्शन भरवणं कुठून आलं? त्याचं कारण मला फार हृद्य वाटलं. चाळीसच्या दशकात वर्तमानपत्रांत हॉट रॉड म्हणजे रस्त्यावर माणसं मारणारे गुंड, अशी प्रतिमा झाली होती. ती पुसायला म्हणून याच टायमिंग असोसिएशनने जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या नॅशनल गार्ड आर्मरीमध्ये प्रदर्शन भरवलं. आमचं काम जवळून बघा, आम्ही वेडे नाही, हे शहराला सांगण्यासाठी. रॉबर्ट पीटरसन यांचं ‘हॉट रॉड’ मासिक त्याच महिन्यात निघालं आणि तिथे विकलं गेलं. म्हणजे गाडी चकचकीत करून लोकांपुढे मांडण्यामागे तेव्हा पोरांची इभ्रत होती.

पहिल्या विजेत्यांकडे बघितलं की खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं दुखणं नीट कळतं. ओकलंडच्या रोडस्टर शोमध्ये १९५० साली ‘अमेरिकेतली सर्वांत सुंदर रोडस्टर’ (रोडस्टर म्हणजे उघड्या टपाची गाडी) हा किताब पहिल्यांदा दिला गेला, तो लाँग बीचच्या बिल नीकँप यांच्या १९२९ च्या फोर्डला. हाच शो पुढे पोमोनाला गेला आणि तिथला नऊ फुटी चषक आज या जगातला सर्वांत उंच मान आहे. नीकँप यांनी किताब मिळालेली ती गाडी काचेच्या कपाटात ठेवली नाही. १९५२ मध्ये एल मिराजच्या धुळीत ती ताशी १४२ मैलांहून अधिक वेगाने पळाली, म्हणजे सुमारे २२९ किलोमीटर. आणि १९६४ चा पहिला रिडलर पुरस्कार? तो मिळाला अल बर्गलर यांच्या ‘मोअर ॲग्रव्हेशन’ला, म्हणजे ड्रॅग शर्यतीच्या गाडीला. धुराने काळी व्हायची ती गाडी. तिच्या मालकाला स्वतःला पत्रा ठोकण्याची कला येत होती.

दोन्ही मोठ्या पुरस्कारांच्या पहिल्या मानकरी गाड्या पळणाऱ्या होत्या. त्या पळत होत्या, शिवाय सुंदर होत्या. ही गोष्ट मी वरच्या मजल्यावर एका तरुण पंचाला सांगितली, तर तो म्हणाला की हे त्याला ठाऊक आहे आणि हे त्याला नेहमी छळतं.

फट

हात आणि चेक यांचं भांडण समजून घ्यायचं असेल तर दाराची फट बघायला शिकावं लागतं. वरच्या मजल्यावर एका पेंटरने मला ती शिकवली. चाळिशीतला माणूस, बोटांची पेरं पॉलिश पेपरने गुळगुळीत झालेली.

गाडीचं दार आणि बॉडी यांच्यामध्ये फट असते. कारखान्यातून आलेल्या जुन्या फोर्डमध्ये ती वर जाड, खाली बारीक, कुठे वाकडी. शोच्या गाडीत ती वरपासून खालपर्यंत एकसारखी हवी. ते कसं करतात? पत्र्याच्या कडेवर वेल्डिंगची बारीक रेघ चढवायची, कानसीने घासायची, परत चढवायची, परत घासायची. दार, बॉनेट, डिकी, सगळ्या कडांना. शिवाय रंगाचा थर दोन्ही कडांवर चढणार, म्हणून त्याची जाडी आधीच धरून फट तेवढी मोठी ठेवावी लागते. नाहीतर रंग दिल्यावर दार घासतं आणि कडेचा रंग उडतो.

मग पत्रा सरळ करायचा. प्रायमरवर काळ्या रंगाची विरळ फवारणी करायची आणि लांब फळीला पॉलिश पेपर लावून घासायचं. काळं जिथे उरेल तिथे खड्डा, पत्रा जिथे आधी उघडा पडेल तिथे उंचवटा. लांबी भरायची, घासायची, परत फवारायची. शेवटी डोळे कामाचे नाहीत. तो पेंटर हातात पातळ सुती मोजा घालून तळवा सपाट ठेवून दारावरून लांबवर फिरवतो. मोज्यामुळे हात अडकत नाही आणि केसाएवढा चढउतारही तळव्याला कळतो.

मला तिथे एकदम माझे काका आठवले. भवानी पेठेत त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं छोटं गॅरेज होतं. ॲम्बॅसिडरच्या दारावर माझा हात ठेवून ते म्हणायचे, “डोळे मीट, मग सांग कुठं पोचा आहे ते.” मोजा नव्हता, जुन्या बनियनचा तुकडा असायचा. बाकी सगळं तेच. मी त्या पेंटरला सांगितलं. त्याने मोजा काढून माझ्या हातात दिला आणि दाराकडे बोट केलं. मी डोळे मिटले. काही म्हणजे काहीच लागलं नाही, पाण्यावरून हात फिरवावा तसं.

रंगाबद्दल त्याने सांगितलेली गोष्ट मी विसरणार नाही. ‘कँडी’ रंग, म्हणजे तो खोल, ओल्या जांभळासारखा दिसणारा रंग, खरं तर रंगच नसतो. खाली चांदीचा किंवा सोन्याचा थर असतो आणि वर रंगीत पण पारदर्शक थर. उजेड वरच्या थरातून आत जातो, चांदीवर आपटून परत येतो. प्रत्येक थराबरोबर रंग गडद होतो, म्हणून फवाऱ्याच्या बंदुकीचा हात प्रत्येक दारावर तेवढ्याच वेळा, तेवढ्याच गतीने फिरायला हवा. एक फेरी जास्त झाली की त्या दाराची छटा बदलली. आणि या रंगाला नंतर ठिगळ लावता येत नाही. एक खडा उडून टिकलीएवढा रंग गेला, तरी पूर्ण दार किंवा पूर्ण मडगार्ड पुन्हा पहिल्यापासून.

गाडी ट्रेलरमध्ये का राहते, याचं अर्धं उत्तर मला त्या टिकलीत सापडलं. मालक भित्रा असतो असं नाही. गाडी सुंदर करण्याची रीतच अशी झाली आहे, की रस्ता तिचा शत्रू ठरतो.

त्या पेंटरची भूमिकाही नोंदवायला हवी. त्याच्या मते खालच्या मजल्यावरचे लोक विसरतात, की अशा गाड्या नसत्या तर हे कसब टिकलं नसतं. नेहमीच्या दुरुस्तीत कुणी पत्रा ठोकत बसत नाही, भाग बदलतात. त्याला तीन महिने एका दारावर घालवायला पगार देणारा मालक या एकाच जगात आहे. त्याच्या हाताखाली दोन पोरं शिकली. आणि वरच्या मजल्यावरच्या गोष्टी खाली झिरपतात, हेही खरं. बॉइड कॉडिंग्टन यांच्या वर्कशॉपने ऐंशीच्या दशकात ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेली चाकं शोच्या गाड्यांना लावली. पुढे तशी चाकं विकत मिळू लागली आणि साध्या गॅरेजातल्या गाड्यांना बसली. मी त्याला आजोबांचं म्हणणं सांगितलं, फलकावरच्या नावाचं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग एवढंच म्हणाला, की त्या गाडीच्या डाव्या दाराच्या आत, कातड्याच्या अस्तराखाली, त्याने पेन्सिलने आपलं आणि त्या दोन पोरांचं नाव लिहून ठेवलं आहे.

चालवायची की ठेवायची

माझं मत मी इथेच सांगते. वरच्या गाड्यांतल्या कामाला कमी लेखणं मला जमणार नाही. तो स्क्रू ज्याने वळवला त्याच्या चिकाटीपुढे मी हात जोडते. पण आजपर्यंत कुठेही न दाखवलेली गाडीच जिंकू शकेल, ही अट मला या हौसेच्या मुळावर आलेली वाटते. अशाने गाडी पूर्ण होते ती बक्षिसासाठी, आणि बक्षीस मिळालं की तिचं आयुष्य संपतं. पोमोनाच्या किताबाला गाडी स्वतःच्या इंजिनावर सुरू होऊन पुढे-मागे जावी लागते. ही अट चांगलीच आहे, पण दहा फूट पुढे आणि दहा फूट मागे म्हणजे चालवणं नव्हे.

दुसऱ्या बाजूची उदाहरणं या पंथाजवळच आहेत. लॉस एंजेलिसच्या बॅरिस बंधूंनी १९५२ मध्ये बॉब हिरोहाता यांच्यासाठी १९५१ ची मर्क्युरी घडवली, छत कापलेली, दोन हिरव्या छटांची. तिला बक्षिसं मिळाली, आणि १९५३ मध्ये हिरोहाता ती चालवत कॅलिफोर्नियाहून थेट इंडियानापोलिसला गेले, अर्धी अमेरिका ओलांडून. त्या प्रवासाचा लेख तेव्हाच्या एका मासिकात आला. १९५९ मध्ये एका शाळकरी पोराने ती ५०० डॉलरला घेतली आणि शाळेत नेली. पुढे अनेक वर्षं खपून त्यानेच ती पूर्वस्थितीला आणली. २०२२ च्या जानेवारीत ती लिलावात २१ लाख डॉलरच्या वर गेली. आज तिचं जे मोल झालं, त्यात त्या प्रवासाचा आणि त्या शाळेच्या रस्त्याचाही वाटा आहे.

किंवा ट्रॉय ट्रेपॅनियर यांच्या वर्कशॉपमधून निघालेली १९६९ ची प्लिमथ बॅराकुडा, ‘ब्लोफिश’. बिजागरी-फटी शोच्या गाडीच्या तोडीच्या, आणि ती बॉनव्हिलच्या मिठावर ताशी २५० मैलांच्या पुढे गेली. किंवा डोन स्पेन्सर यांची ड्यूस: रस्त्यावर आणि कोरड्या तळ्यावर पळालेली ती गाडी १९९७ मध्ये पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत, जिथे तोवर फक्त रोल्स, बुगाटी अशा घराण्यांना प्रवेश होता, तिथे हॉट रॉडचा वर्ग पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा पहिली आली.

आपल्याकडे हा वाद उभाच राहू शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याने ठरवलेल्या मूळ घडणीत मोठा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते आणखी पक्कं केलं. आपल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा मान म्हणूनच मूळपणाला आहे. काकांच्या हातातलं कसब आयुष्यभर गाडी होती तशी करण्यात गेलं. त्यांना ती हवी तशी करायला मिळाली असती, तर त्यांनी काय केलं असतं, हा विचार डेट्रॉइटमध्ये तीन दिवस माझ्या मनात होता.

रविवार

संध्याकाळी वरच्या मजल्यावर नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी गर्दीत तो पेंटर शोधला. तो मागे, खांबापाशी उभा होता, दोन पोरं शेजारी. त्यांची गाडी जिंकली नव्हती.

मग आवराआवर सुरू झाली. तीन दिवस मुक्या उभ्या असलेल्या गाड्या एकेक करून सुरू झाल्या आणि त्या प्रचंड हॉलमध्ये आवाज घुमायला लागला. आजोबा वर आले होते. ‘ग्रेट एट’पैकी एक गाडी ट्रेलरकडे जाण्यासाठी सुरू झाली, तेव्हा ते जागच्या जागी थांबले, मान थोडी कलती करून ऐकत राहिले. कॅमशाफ्ट चांगला निवडलाय, म्हणाले. या गाडीला घेऊन कुणीतरी रस्त्यावर जायला हवं.

ते स्वतः त्यांची कूप चालवत आले होते आणि चालवतच घरी निघाले. बाहेर शून्याखाली तापमान. मिशिगनमध्ये बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ जुना पत्रा खाऊन टाकतं, म्हणून तळघरातल्याही बहुतेक गाड्या ट्रेलरवर चढत होत्या. वाटेत गाडी धुवायला थांबणार आहे, असं आजोबा म्हणाले होते. दादा आणि मी त्यांच्या मागे मागे गेलो.

नाणी टाकून स्वतः गाडी धुवायचं ते केंद्र होतं, एकच बल्ब जळत असलेलं. आजोबांनी डिकीतून पुठ्ठा काढून ओल्या जमिनीवर टाकला, त्यावर आडवे झाले आणि गरम पाण्याचा नळ गाडीखाली धरला. दादाला म्हणाले, बॅटरी जरा धर. दादा गुडघ्यांवर बसला. वाफेतून मला गाडीचं पोट दिसत होतं: जुना आस, हाताने केलेले वेल्ड, तेलाचा एक ओघळ. पाच मिनिटांनी पाणी बंद झालं. आजोबांनी पुढच्या आसामागे, जिथे चासीचे दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या सांध्यात बोट घातलं आणि ते बोट जिभेवर टेकवलं. अजून खारट होतं. त्यांनी पडल्या पडल्याच खिशातली नाणी काढून माझ्या हातात दिली आणि मशीनकडे खूण केली.